उजवीकडचं स्टेअरिंग

इंद्रभानला दिसला तो फक्त कापूस. मलकापूरच्या रस्त्यावर पुढं एक बैलगाडी चालली होती, कापूस ठासून ठासून घराएवढी झालेली. तिला मागं टाकायचं तर मोटारीचं तोंड उजवीकडं काढणं भाग होतं. तो ज्या शेठकडं ड्रायव्हर होता, त्याच्या प्लायमाउथचं स्टेअरिंग होतं डावीकडं. मुंबईत कुणा परदेशी साहेबानं वापरून विकलेली ती गाडी. लांबच लांब, गुबगुबीत गाद्यांची, उन्हात डोळे दिपवणारी. पण डावीकडं बसलेल्या ड्रायव्हरला पुढच्या वाहनापलीकडचं काही दिसायचं नाही, अर्धी गाडी रस्त्याच्या मध्यावर येईपर्यंत. ती तशी मध्यावर आली, आणि समोर ट्रक उभा ठाकला.

शेठच्या गळ्याचं हाड मोडलं. गाडीचं डावं नाक बाभळीत घुसलं. इंद्रभानच्या अंगावर ओरखडाही उठला नाही, आणि लोकांनी नेमकं तेच ध्यानात ठेवलं. दवाखान्यात पडल्या पडल्या शेठ म्हणाला, “याच्या हाताले डोळे नाहीत.” इंद्रभान मोताळ्याला घरी पोचायच्या आधी हे वाक्य गावात पोचलं होतं.

स्टेअरिंग चुकीच्या बाजूला होतं, हे त्यानं ज्याला त्याला सांगून पाहिलं. लोक ऐकून घेत आणि हसत. गाडीला दोष देणारा ड्रायव्हर आणि अंगणाला वाकडं म्हणणारी नाचणारी, दोघं एकाच माळेचे मणी. विसाव्या वर्षापासून तो गाडी चालवत होता; आता त्याला कुणी ट्रॅक्टरवरही बसू देईना. गावात एकच माणूस त्याला कधी काही बोललं नाही, ती त्याची बायको सुभद्राबाई. अपघाताबद्दल तिनं एक शब्दही विचारला नव्हता.

अपशकुनी गाडी शेठला दारात नको होती. इंद्रभाननं ती भंगाराच्या भावात मागून घेतली आणि दोन बैलजोड्या जुंपून मोताळ्याला ओढत आणली. चौकात कडूबाचं चहाचं हॉटेल. तो भट्टी सोडून बाहेरच आला.

“काऊन बे इंद्रभान, मोटार आणली का मयत? खांदेकरी तं चांगले तगडे पाह्यले!”

हॉटेलातले सगळे हसले. सुभद्राबाई नेमकी पाण्याची गुंडी घेऊन चालली होती. ती थांबली.

“चहा उकळा कडूबाभाऊ. उद्या फुकट फिरवून आणा म्हणसान, तवा पाहू.”

गाडी घरामागच्या अंगणात निंबाखाली उभी राहिली आणि काम सुरू झालं. मदतीला वहाब मिस्त्री. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, पण मोटारीला त्यानं कधी हात लावलेला नव्हता.

“मले मोटारीचं काय समजते, भाऊ?”

“इंजिनच तं हाये तिच्यात.”

“बैलातबी पोटच असते. म्हणून काय सयपाकी त्याले औषध देते?”

असं म्हणत म्हणत वहाब रोज संध्याकाळी येऊ लागला. गाडीचा खालचा सांगाडा म्हणजे चासी; ती वाकलेली चासी त्यांनी निंबाच्या बुंध्याला साखळी बांधून, पहार घालून पीळ देत देत सरळ केली. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं मडगार्ड ठोकून काढलं. रेडिएटर तांबटानं झाळून दिला. फुटलेल्या दिव्याच्या जागी ट्रॅक्टरचा दिवा बसवला, तेव्हा गाडी एका डोळ्यानं वटारल्यासारखी दिसू लागली. नवरात्र जवळ येत होतं आणि कडूबाच्या हॉटेलातले लोक आता हसायचे कमी, पाहायला यायचे जास्त.

सगळं पहिल्यासारखं करणं इंद्रभानला नको होतं.

“स्टेअरिंग उजवीकडं घ्याचं,” तो म्हणाला.

“डावीकडं चालते तं खरं.”

“चालते. पण दिसत नाही, मिस्त्री.”

वहाबनं पुन्हा विचारलं नाही. या माणसाची सगळी धडपड याच एका गोष्टीसाठी आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. पेडलं इकडची तिकडं नेली, ब्रेकची नळी नव्यानं जोडली. अडलं ते स्टेअरिंगच्या पेटीपाशी. स्टेअरिंगचा दांडा खाली एका लोखंडी पेटीत उतरतो. पेटीतून निघालेला आडवा हात हलला, की पुढची चाकं ओढली जातात. ती पेटी डाव्या अंगासाठी घडवलेली. चासीच्या उजव्या पट्टीवर ती काही केल्या बसेना. शेवटी वहाबनं ती उलटी करून धरली, आणि ती अशी चपखल बसली, की दोघं एकमेकांकडं पाहून हसले.

पुढची चाकं तेव्हा दगडांच्या थरावर अधांतरी होती. वहाब म्हणाला, “खाली उतरवून जरा अंगणात मागंपुढं करून पाहू.”

“दसऱ्याले,” इंद्रभान म्हणाला. “पूजेआधी जागा सोडाची नाही. शेठनं बिनापूजेची काढली होती.”

दसऱ्याला त्याच्या दृष्टीनं सगळंच पणाला लागणार होतं. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचे अध्यक्ष भगवंतराव मोताळ्याचेच. संघाची नवी जीप येणार होती. ते एक दिवस आपणहून अंगणात आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “जीपले डायवर पाह्यजे. तुझं नाव काढलं, तं सारी कमिटी हासली.”

“तुमीबी हासले का, भाऊसाहेब?”

“मी नाही हासलो. मी इचारलं, त्या दिवसापासून कोणी याच्या गाडीत बसून पाह्यलं का? कोणीच नाही. मंग मी बसतो. दसऱ्याले सोनं लुटाले वेशीबाहेर जातो आपण, तं तुझ्या गाडीतून ने आन आणून सोड. मंग बोलू.”

दसऱ्याच्या दुपारी अर्धं गाव अंगणाबाहेर जमलं. गाडीवर झेंडूच्या माळा, दोन्ही दिव्यांना कुंकू. भगवंतराव नवी टोपी घालून मागच्या गादीवर बसले. बसताना गादी इतकी खाली गेली, की ते दचकले. सुभद्राबाईनं गाडीला ओवाळलं, नारळ फोडला आणि फाटकाच्या उजव्या हाताला बायांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. डाव्या हाताला कडूबाच्या भट्टीसाठी रचलेली पऱ्हाटीची, वाळल्या कपाशीच्या काटक्यांची, भलीमोठी रास होती. फाटकातून सरळ बाहेर पडायचं आणि डावीकडं वळून वेशीकडं जायचं. एवढंच.

इंजिन लागलं. पोरांनी आरोळी ठोकली. गाडी अंगणाच्या उतारावरून अलगद, सरळ, फाटकातून बाहेर आली. उजवीकडं बसलेल्या इंद्रभानला सगळा रस्ता कसा मोकळा, तळहातासारखा दिसत होता. त्याच्या मनात आलं, हे असं दिसलं असतं तर. आणि त्यानं स्टेअरिंग डावीकडं घेतलं.

गाडी उजवीकडं वळली.

त्याला वाटलं, सैल आहे, धरत नाही. त्यानं आणखी डावीकडं घेतलं. गाडीचं लांब नाक आणखी उजवीकडं फिरलं, सरळ बायांवर. किंकाळी फुटली. ब्रेकवर पाय गेला, पण नव्या नळीचा पहिला दाब पोकळ गेला; पेडल फळीला टेकलं आणि गाडी उतारावरून येतच राहिली. बाया पांगल्या. कुणाचं ताट उडालं, कुणी चिखलात पडली. एकच बाई जागची हलली नाही. सुभद्राबाई ताट छातीशी धरून उभी होती आणि काचेतून त्याच्याकडंच पाहत होती. तो जिवाच्या आकांतानं स्टेअरिंग तिच्यापासून लांब फिरवत होता, आणि जितकं फिरवावं तितकी ती मोठी होत होती.

मग गावानं जे पाहिलं, त्यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना. इंद्रभाननं दोन्ही हातांनी स्टेअरिंग उजवीकडं ओढलं. आपल्या बायकोच्या अंगावर. सगळा जोर लावून.

गाडीनं झटक्यात डावीकडं मुसंडी मारली. तिच्या मागच्या मडगार्डात सुभद्राबाईचा पदर अडकून टर्रकन फाटला, ताट हवेत गेलं, आणि प्लायमाउथ रस्ता आडवा कापून कडूबाच्या पऱ्हाटीच्या राशीत शिरली. काटक्यांचा कडकडाट झाला. मग इंजिन बंद पडलं.

पहिला हलला कडूबा. त्यानं दार उघडून इंद्रभानला गचांडी धरून बाहेर काढलं.

“बायकोच्या अंगावर घालत होता बे? भरल्या दसऱ्याच्या दिवशी? म्या डोळ्यानं पाह्यलं, तिच्याकडंच फिरवलं तू!”

“साऱ्याइनं पाह्यलं,” मागून कुणीतरी म्हणालं.

इंद्रभाननंही ते पाहिलं होतं. हात त्याचेच होते. ते तिकडं का फिरले, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. गचांडी सोडवायचीही शुद्ध त्याला नव्हती. मागच्या दारातून भगवंतराव उतरले, बोडक्या डोक्यानं, आणि एका शब्दानंही त्याची बाजू न घेता रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले.

वहाब मात्र पुढच्या चाकांपाशी उकिडवा बसला होता. त्यानं खिडकीतून हात घालून स्टेअरिंग थोडं फिरवलं. चाकांकडं पाहिलं. पुन्हा फिरवलं. मग तो तिथंच काटक्यांत खाली बसला.

“सोड त्याले, कडूबा,” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खोल गेला होता, की त्याला तेच दोनदा म्हणावं लागलं. “सोड. गाडी उलटी वळते. पेटी उलटी बसवली म्या.”

कुणाला कळेना. मग जॅक आणून गाडीचं नाक उचललं. वहाबनं स्टेअरिंग डावीकडं फिरवलं. चाकं उजवीकडं गेली. उजवीकडं फिरवलं, चाकं डावीकडं.

“अल्ला,” वहाब म्हणाला, “दोघंबी काय करत होतो आपण? हा वर बसून फिरवे, मी खाली झोपून पाहू. हा इचारे, फिरते का? मी म्हणू, फिरते. कोणीकडं, हे त्यानंबी नाही इचारलं आन म्याबी नाही सांगतलं.”

भगवंतराव दगडावरून उठले. पटकन कुणावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे तो. ते स्वतः स्टेअरिंगवर बसले, कडूबाला पुढं उभं केलं आणि फिरवून पाहिलं, एकदा, दोनदा. चार वेळा. मग उतरून इंद्रभानसमोर आले.

“तुले माहीत नव्हतं हे?”

“नाही, भाऊसाहेब.”

“आन तेवढ्यात उमगलं?”

इंद्रभाननं नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“दुसरा कोणी असता,” भगवंतराव सगळ्यांकडं वळून म्हणाले, “तं शेवटपर्यंत डावीकडंच ओढत राह्यला असता. मीबी. आज एक मयत निघाली असती इथून.” मग इंद्रभानला म्हणाले, “जीप आली की संघात येजो. पण याच्याफुडं गाडी काढाच्या आधी स्टेअरिंग दोन्ही अंगानं फिरवून पाह्य, पूजा असो का नसो.”

गाव असं आहे, की वारं फिरायला वेळ लागत नाही. ज्या कडूबानं गचांडी धरली होती, तोच आता काटक्या बाजूला सारत सांगू लागला, “हात पाह्यजे तं असा! उलट्या स्टेअरिंगवर गाडी काढली गड्यानं!” ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, तेही सांगू लागले. दिवस कलायला आला तसे लोक आपट्याची पानं आणायला वेशीकडं पांगले, पायीच.

वर्षभर इंद्रभान ज्याच्यासाठी झुरत होता, ते असं एका दुपारी त्याच्या पदरात पडलं होतं. त्याला मात्र अंगभर थंडी वाजत होती.

सुभद्राबाई गाडीत बसली होती. ती कधी जाऊन बसली, ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती ते हळूहळू फिरवत होती आणि खिडकीतून वाकून चाकाकडं पाहत होती. फाटलेला पदर तिनं कमरेला खोचला होता. इंद्रभान पलीकडच्या दारानं आत शिरला.

“लागलं का वं कुठं?”

“नाही.” ती स्टेअरिंग फिरवतच होती. “हे तुमाले ठाऊक नव्हतं म्हंता.”

“नव्हतं.”

“मंग माह्याकडं काऊन फिरवलं?”

दुपारपासून पहिल्यांदा त्याला नेमका प्रश्न विचारला गेला होता. तो थांबून थांबून बोलला.

“दुसऱ्या अंगानं फिरवून पाह्यलं होतं. जितकं फिरवलं, तितकी तू जवळच येऊन राह्यली होती.”

“पक्कं नव्हतं तं.”

“नाही,” तो म्हणाला. “पक्कं नव्हतं.”

सुभद्राबाईनं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले. पुढच्या काचेवर पऱ्हाटीच्या काटक्या आडव्यातिडव्या टेकल्या होत्या. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

“साऱ्या बाया पळाल्या,” इंद्रभान म्हणाला. “तू काऊन नाही पळाली? म्या पाह्यलं, तू पापणीबी नाही हलवली.”

“मी कायले पळू?” तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “स्टेअरिंगवर तुमी होते ना.”

वेशीकडून कुणीतरी इंद्रभानला हाका मारत होतं. भगवंतरावांचाच आवाज होता तो.

“बलावून राह्यले, जा,” सुभद्राबाई म्हणाली. तिनं दार उघडलं, काटक्यांतून पाय टाकायला जागा पाहिली आणि खाली उतरली. मग दाराला धरून थोडं थांबली.

“पण पुढच्या खेपेले,” ती म्हणाली, “मीबी पळीन.”