न घासलेली काच

कहकशांच्या मनात पाल चुकचुकली ती एका काचेवरून. नांदेडच्या कॉलेजात तिची पीएचडी चालली होती. द्रव स्फटिकाचा थेंब दोन काचांमध्ये धरला, की त्यातले लांबुळके रेणू काचेचं ऐकतात. काचेवरचा लेप मखमलीनं एका दिशेनं घासला, तर सगळे मुकाट्यानं त्याच दिशेला ओळ धरतात. न घासलेल्या काचेवर मात्र नुसता गोंधळ हवा. घासण्यानं शिस्त किती वाढली, हे ती त्या गोंधळापासूनच मोजणार होती.

आणि इथं न घासलेल्या काचेवरही रेणू ओळीत! आता मोजायचं कशापासून, कपाळ?

कुणीतरी काचा बदलतंय, असं तिनं ठरवूनच टाकलं. कुणीतरी म्हणजे तिच्यासोबतच संशोधन करणारा सिद्धेश्वर. प्रयोगशाळेची चावी त्या दोघांकडंच होती. भूकंपात औशाकडचं घर पडल्यापासून तो शनिवार-रविवार लातूरच्या क्लासवर शिकवायचा, पण सोमवारी सगळ्यांच्या आधी हजर. एवढी घाई कशाची? पाणी कुठंतरी मुरत होतं.

तिनं थेट दोघांचे मार्गदर्शक महादेवप्पा सरांचे कान भरले. सरांनी चावी मागितली. सिद्धेश्वरनं ती टेबलावर ठेवली आणि लातूरची बस धरली.

मग काचा एकट्या तिच्याच ताब्यात. तरी रेणू पुन्हा ओळीत. आता संशय घ्यायचा कुणाचा? नाइलाजानं तिनं स्वतःच्याच हातांवर नजर ठेवली. लेप वाळला. तिनं काच उचलून फडक्यानं धूळ पुसली. वरून खाली, वरून खाली, उलट कधीच नाही. लातूरच्या दुकानात अब्बांनी चष्म्याच्या काचा अशाच पुसायला शिकवल्या होत्या. तिनं फडकं बाजूला ठेवलं.

पुढची काच तिनं न पुसता लावली. सूक्ष्मदर्शकाखाली कशीही फिरवली तरी नुसते डाग, हवा होता तसा गोंधळ.

ती एसटीडी बूथवर धावली. क्लासवाल्यांनी सिद्धेश्वरला फोनवर बोलावलं.

"चूक माझी होती. माझ्याच पुसण्यानं लेप घासला जात होता. मी सरांना सांगते, तू परत ये."

"सांग की. पण मी हितं कायमचा लागलो. संशोधन सोडल्याचं सरांना कळवून बी टाकलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच तिला रडू फुटलं.

"संशय आला तवा आधी मला का न्हाई विचारलंस?" तो म्हणाला. "तू काचा पुसायचीस, तवा मी समोरच बसलेलो असायचो."

पलीकडं तासाची घंटा झाली आणि त्यानं फोन ठेवला.