शामलाचा चौथा नियम

राज्याची वाटणी झाली, तेव्हा एका सरकारी खात्याचा जुना कॉम्प्युटर रायपूरला गेला आणि त्यावरचे प्रोग्रॅम ग्वाल्हेरलाच राहिले. ते आता नव्या मशीनवर चालवायचे होते. त्यासाठी जुन्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर बनवायचं काम तिथल्याच इंदरगंज भागातल्या शामला आणि गोविंदच्या छोट्या कंपनीकडे आलं. जुन्या प्रोसेसरच्या एकेका आज्ञेसाठी नव्याला समजेल असा कोड कसा तयार करायचा, याचे नियम शामला वहीत लिही आणि गोविंद त्यांबरहुकूम काम करी.

पण कर्मचाऱ्यांची यादी छापायला घेतली, की एम्युलेटर थांबायलाच तयार नाही. नावं संपली तरी कचरा छापत सुटे.

तिसऱ्या दिवशी गोविंद वैतागला. "कोड तर तुझ्या नियमांप्रमाणेच आहे, यार!"

मग नियमच चुकला असेल, असं म्हणत शामलानं वही उचलली आणि दाना ओली नावाच्या गल्लीत शांताताईंकडे गेली. शाळेत तिला गणित शिकवणाऱ्या शांताताईंनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. लिहिलंय तेवढंच वाचणारं माणूस तिला हवं होतं.

शांताताई पेन्सिल घेऊन बसल्या. चौथ्या नियमाशी अडल्या.

"शेवटचं नाव छापलं, की उरलेल्या एकातून एक वजा केला. उत्तर शून्य आलं, की प्रोसेसर तशी खूण करतो. ती खूण बघून यादी थांबते. हो ना?"

"हो."

"पण खूण बघायच्या आधी तू उत्तर ठेवायच्या जागेचा नंबर काढायला बेरीज करतेस. त्या बेरजेचीही खूण होते आणि आधीची पुसली जाते की, अगं!"

शामलानं चौथा नियम पुन्हा वाचला. मग तिनं शांताताईंना मिठी मारली, वही उचलली आणि धूम ठोकली. परतताना सवाऱ्यांच्या टेम्पोत तिला हसू आवरेना.

शेजारच्या बाईनं विचारलं, "घर में लड़का हुआ है क्या?"

"नहीं, ज़ीरो आया है!"

ऑफिसात पोचताच तिनं नियम बदलला: आधी खूण जपून ठेवा, मग जागा काढा. गोविंदनं कोड पुन्हा तयार केला. यादी सरसर छापली गेली आणि शेवटच्या नावावर गपकन थांबली.

"रुक गया!" गोविंद खुर्चीवर चढला. थांबते कशी हे बघायला दोघांनी ती आणखी चारदा छापली.

शामलानं शांताताईंना फोन लावला. "ताई, थांबली!"

"थांबली ना? मग वही परत आण. पाचव्यापासून पुढचे वाचायचे राहिलेत माझे."