ओली झोळी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. धान्याचा नव्हे हं, बाळांचा! गावच्या आरोग्य केंद्रात छताच्या कडीला मी टांगलेला असतो. माझ्या झोळीत बाळ ठेवतात, काटा सरकतो आणि आईचा जीव भांड्यात पडतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मी कसा चकचकीत होतो! गावात अकराशे माणसं होती. सोमवारी बायकांची रांग दारापर्यंत जायची, पाच-सहा बाळं एकदम भोकाड पसरायची. "काटा खोटं बोलत नाही," असं नर्सबाई म्हणाल्या की मी मनातून फुगायचो.

मग तरणी माणसं कामासाठी शहराकडे गेली. घरांना कुलपं लागली, उरले म्हातारे. माझी झोळी महिनोन्‌महिने कोरडी राहू लागली. फार वाईट वाटायचं हो.

यंदा गावाची गणना झाली. शाळेच्या मास्तरांनी घरोघर फिरून नावं लिहिली. एका दुपारी तालुक्याचे साहेब मास्तरांना घेऊन यादी तपासायला केंद्रात आले, तेव्हा कुठे खरी गोष्ट कळली. तीनशेच्या खाली गाव गेलं, तर केंद्र बंद! दुसरा दवाखाना चार तासांवर. साहेबांनी तीनदा बेरीज केली. दोनशे नव्याण्णव.

"एकासाठी, साहेब?" बाईंनी यादीवर हात ठेवला.

"नियमापुढे मी तरी काय करू, बाई?" साहेबांनी पेन उघडलं.

मी नुसता तडफडत होतो. अहो, सकाळीच मी एक पोर तोलली होती! मळ्यातल्या घरातली, तीन आठवड्यांची, तीन किलो दोनशे. तिच्या नावावरून आजी आणि आत्या यांच्यात रोज तणतण चालायची. बाई हात धुवायला गेल्या तेव्हा आजी सुनेला म्हणाली होती, "मास्तरांना चौघंच सांगितली मी. नाव ठरल्याशिवाय लिहिणार काय, कपाळ?" हे ऐकलं फक्त मी. आणि मला तोंड कुठे आहे?

"सामान उतरवा. हा काटाही घ्या," असं म्हणत साहेबांनीच मला कडीवरून काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्या झोळीला हात घातला. "शी! हे ओलं कसं?"

"सकाळी त्या छोटीनं..." बाई एकदम थांबल्या. "मास्तर, मळ्यातल्या घरात किती लिहिलीत?"

"चार. आजी, आत्या, मुलगा, सून."

"आणि पोर?"

"पोर? कोणी बोललंच नाही!"

सगळे मळ्याकडे धावले. मी टेबलावर उताणा पडून होतो. मास्तरांनी यादीवर आधीच सही केली असेल, आता साहेब ऐकतील का? पावलं वाजली तेव्हा माझी स्प्रिंग थरथरत होती.

साहेबांनी स्वतः मला पुन्हा टांगलं. झोळीत छोटी आली. काटा सरकला. साहेबांनी विचारलं, "नाव?" आजी आणि आत्या दोघींनी एकदम तोंड उघडलं.

"राहू द्या!" साहेब ओरडले. "नुसतं 'मुलगी' लिहितो." तीनशे झाले. बाई भिंतीला टेकून रडल्या.

पण मित्रांनो, तीनशे म्हणजे अगदी काठावर. धाकधूक अजून आहेच. मला तेल घाला, गंजू देऊ नका. आणि गाव मोजाल तेव्हा ज्याला अजून नाव नाही, त्यालाही मोजा. त्या दिवशी आम्हां दोघांनाही बोलता येत नव्हतं. तिनं बिचारीनं जमेल तसं सांगितलं होतं.