आठ पुरुष किंवा बारा स्त्रिया

“पुन्हा तेच!” लेकीने पेन्सिल आपटली. “आई, आठ पुरुष किंवा बारा स्त्रिया तेवढंच काम करतात. म्हणजे आठ पु बरोबर बारा स्त्री. तू उलटं का लिहितेस?”

“उलटं नाही. मुद्दाम लिहिलंय.”

कागदावर १२ पु = ८ स्त्री असं चांगलं ठसठशीत लिहिलेलं होतं. लेकीने कपाळाला हात लावला. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिच्या आईला सगळे मिरची म्हणत, ते काही उगाच नाही.

“पु म्हणजे एका पुरुषाचं एका दिवसाचं काम,” लेक दमाने म्हणाली. “समीकरणात तुझं मत नको गं. वाक्यात जे आहे तेच अक्षरांत उतरवायचं, बस्स.”

“आणि वाक्य कुणी लिहिलं?”

“लिहिलं असेल कुणीतरी!”

“त्या कुणीतरीला आण आमच्याकडे. ओल्या चादरींचं पिंप उचलू दे. मग विचारते, किती बायका म्हणजे एक पुरुष!”

मिरचीचा संताप पुस्तकावर होता, तसा तिथल्याच ‘शिट्टी’ नावाच्या सोबत्यावरही होता. सदा शिट्टी वाजवत हिंडणाऱ्या त्या माणसाला वाफेची इस्त्री हिनेच शिकवली. पहिल्या आठवड्यात त्याने तीन उशांचे अभ्रे जाळले, तेही हिने झाकून नेले. गेल्या वर्षी सुपरवायझरची परीक्षा झाली. हे असलंच गणित आलं, तेव्हा मिरचीने रागाने ते कोरं सोडलं आणि तेवढ्यानेच नापास झाली. शिट्टी पास झाला. आता तो कोरड्या खोलीत खुर्चीवर बसतो आणि हिलाच म्हणतो, “बाई, जरा हात उचला.”

दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरची जागा आता निघाली होती. मिरचीची कंबर पार गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी वर्षभर ओझी उचललीत तर अंथरुणाला खिळाल.

“मला तू धडधाकट हवीस,” लेक एकदम ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. “तुझा ताठा घेऊन काय करू मी? पाठ शेकायला वापरू?”

लेकीचंही खरं होतं, म्हणून तर मिरचीला जास्तच राग आला. मग तिने खोडरबर उचललं आणि इतकं जोरात घासलं की कागद फाटला.

परीक्षा इस्पितळाच्या कँटीनमध्ये झाली. चौथा प्रश्न वाचून मिरचीच्या अंगाचा तिळपापड झाला. चार पुरुष किंवा सहा स्त्रिया एक काम दहा दिवसांत संपवतात. तर तेच काम दोन पुरुष व सात स्त्रिया किती दिवसांत संपवतील? तिने दात आवळले आणि लिहिलं: ४ पु = ६ स्त्री. म्हणून २ पु = ३ स्त्री. तीन आणि सात, दहा स्त्रिया. उत्तर, सहा दिवस. कुठेही खाडाखोड नव्हती. गणित सोपं होतं. तिला ते गेल्या वर्षीही येत होतं. हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पेपर देऊन ती तडक धुलाईखान्यात आली. तिची जोडीदारीण थोरली, सगळ्यांत जुनी बाई, वाळलेल्या चादरींचा ढीग घेऊन एकटीच खोळंबली होती.

“सुटलं का गं गणित?”

“सुटलं.”

“यंदा खुर्ची नक्की बघ! काय विचारलं होतं?”

“दोन पुरुष आणि सात बायका. एक काम किती दिवसांत करतील?”

“मग? किती आलं?”

“सहा दिवस.”

थोरली खदखदून हसली. “सहा? अगं, त्या दोघांना घरी पाठव म्हणावं. आपल्याला चारच दिवस पुरे!”

मिरचीला हसू आलं नाही. सहा बायका म्हणजे चार पुरुष, हे तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. तिने चादरीची दोन टोकं धरली, थोरलीने उरलेली दोन. चादर ताणून झटकली. घडी घालायला दोघी समोरासमोर आल्या तेव्हा मिरचीने मान खाली घातली आणि आपल्याकडची टोकं थोरलीच्या हातात दिली.