तीन दिवस कमी

माझी धाकटी बहीण ओरालिया नशीब घेऊन आलीय. तिचा हेवा करताना आता मला लाजही वाटत नाही.

आम्ही दोघी एकदमच गरोदर होतो. माझं चौथं, तिचं दुसरं. ती इथे टेक्सासमध्ये, लारेडोच्या बँकेत, म्हणून विमा बँकेचा. मी शाळेच्या स्वयंपाकघरात, माझा सरकारी. आता बास, सिझेरियन होतानाच नसबंदीही उरकायची, असं मी ठरवलं होतं. पण सरकारी विमा असला की त्यासाठी अर्जावर सही करून तीस दिवस थांबावं लागतं. बाईचं मन बदललं तर!

सही शुक्रवारी होती आणि शनिवारी ओरालियाचं डोहाळजेवण. आईचा फोन आला, "नेरेइदा, दीडशे तमाले एकटी कशी करू गं? दवाखान्यात पुढच्या आठवड्यात जा की." गेले मदतीला, मक्याचं पीठ नि सारण कणसाच्या सालांत गुंडाळत बसले. पाहुणे बोटं चाटत राहिले, ओरालियाला जांभळी बाबागाडी मिळाली आणि माझी सही आठवडाभर लांबली.

सहीनंतर सत्ताविसाव्या दिवशी मला कळा सुरू झाल्या.

"तीन दिवस कमी पडतायत," नर्स म्हणाली.

"पोट उघडणारच आहात ना? मग करून टाका की!"

"नियम आहे हो. नंतर या."

दहा दिवसांनी त्याच दवाखान्यात ओरालिया बाळंत झाली. भेटायला गेले, तर उशीला टेकून जेली खात होती. "ताई, मी नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं! आत नेतानाच मनात आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करूया की."

"थांबायला नाही लावलं?"

"कशाला?"

मी हसले, पण आतून नुसती जळत होते. तिच्या बाळाला घ्यायला माझे हात पुढे होईनात.

माझं 'नंतर' यायला पाच महिने लागले. एकदा दवाखान्यानं तारीख रद्द केली, एकदा पोरांना सांभाळायला कुणी मिळेना. शेवटी ओरालियाच रजा काढून मला घेऊन गेली. ऑपरेशनचा झगा घातला, नेहमीची लघवीची तपासणी झाली. थोड्या वेळानं नर्स आली आणि पडदा ओढून माझ्याजवळ बसली.

"आज ऑपरेशन होणार नाही. तुम्ही गरोदर आहात."

परतताना ओरालियाच गाडी चालवत होती. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर तिनं माझा हात धरला आणि अगदी मनापासून म्हणाली, "ताई, माझी बाबागाडी घेऊन जा. मला आता कधीच लागणार नाही."