चाळीसपैकी चाळीस

कवळ्या घडवण्यात चिऊच्या आईची वीस वर्षं गेली होती. दवाखान्यांतून दातांचे साचे यायचे. ती मेण तापवून एकेक दात बसवायची आणि वरचा जबडा खालच्यावर ठेवून पाहायची. पहिल्याच खेपेला दोन्ही तंतोतंत बसले, तर ती खूश व्हायची नाही. साचाच चुकला असणार, म्हणायची. देवानं माणसाचे दात इतके सरळ घडवलेलेच नाहीत.

म्हणूनच समुपदेशक बाईंनी हसत हसत दोन कागद शेजारीशेजारी ठेवले, तेव्हा तिला चुकलेला साचा आठवला.

"चाळीसपैकी चाळीस! ताई, असं मी पहिल्यांदाच बघतेय."

एक कागद चिऊनं स्वतःबद्दल भरलेला, दुसरा आईनं चिऊबद्दल. वेगवेगळ्या खोल्यांत बसून. राग आला की काय करते? पाणी पिते. मनाला लागलं की कुणाला सांगते? आईला. खुणासुद्धा त्याच चौकटींत.

"मुलगी मोकळी झालीय तुमच्याशी," बाई म्हणाल्या. "या संमतीपत्रावर सही करा. उद्यापासून रोज एक तास फोन द्यायला हरकत नाही."

आईनं पेन उचललं. पंधरा वर्षांची ही पोर तीन महिन्यांपूर्वी दोन दिवस त्या ऑनलाइन खेळापुढून जेवायला उठली नव्हती, आणि फोन हिसकावला तेव्हा आईच्या मनगटाला कडकडून चावली होती. मग एकाएकी शहाण्यासारखी वागू लागली. ओटा पुसायची. "दमलीस का गं?" विचारायची. आई रोज देवापुढे बसून म्हणायची, माझी लेक मला परत मिळाली.

तिची नजर सदतिसाव्या प्रश्नावर अडली. अंधाराची भीती वाटते का? तिनं घाईत 'नेहमी' लिहून टाकलं होतं. पण अंधाराला भ्यायची ती स्वतः. चिऊ लहानपणापासून अंधारात बिनधास्त. आणि चिऊच्या कागदावरही 'नेहमी'च.

पेन ठेवून ती बाहेर आली. चिऊ बाकावर पाय हलवत बसली होती, मांडीवर जेवणाचा डबा.

"अंधाराला कधीपासून भ्यायला लागलीस गं?"

"मी कशाला भिऊ? तू भितेस."

"मग लिहिलंस का?"

"तू तेच लिहिणार होतीस." चिऊ गोड हसली. "तीन महिने खेळ नव्हता ना, मग तुझाच खेळ मांडला. फार सोपी आहेस तू, आई. 'दमलीस का' म्हटलं की विरघळतेस."

"मी सही करणार नाहीये," आई म्हणाली.

"आज नाही करणार. मग मी जेवण सोडीन. उद्या तू ओरडशील, परवा देवापुढे रडशील, तेरवा आपण इथेच येऊ."

"नाही येणार."

"हेही म्हणशील असं वाटलंच होतं."

आई तडक आत गेली आणि तिनं बाईंना सगळं सांगितलं, अक्षर न् अक्षर. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उघड्या दारातून चिऊकडे पाहिलं. चिऊनं मान खाली घातली; तिचे डोळे भरून आले होते.

"ताई," बाई हळुवारपणे म्हणाल्या, "तुम्ही फार थकलायत. सही सावकाश करा."

आई सही न करताच बाहेर आली. चिऊनं डोळे पुसले आणि उठून डबा तिच्या हातात दिला. झाकण उघडलेलंही नव्हतं.