पहिला चाकू कुणी दिला?

माझ्या नवऱ्याकडे एकेचाळीस चाकू आहेत आणि आमच्या घरात टोमॅटो हाताने फोडावा लागतो. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण ती टोमॅटोपुरतीच.

चाकू कापण्यासाठी नसतात, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. ते मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे असतात, सुट्टीच्या दिवशी त्यांना तेल लावायचं असतं, आणि कुणी जवळ गेलं की "हात नको, ठसे उमटतात" म्हणून ओरडायचं असतं. मुलं लहान असताना त्यांच्यावर या माणसाने इतकं लक्ष ठेवलं असतं तर आज दोघांचे गुडघे धड असते.

याची सुरुवात कशी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. एक गिऱ्हाईक काचा बदलायला आलं आणि काउंटरवर घडीचा छोटा चाकू विसरून गेलं. याने तो उघडला. टक्. मिटला. पुन्हा उघडला. टक्. तीन दिवस तो चाकू आमच्या घरी मुक्कामाला होता. जेवताना टक्, बातम्या बघताना टक्, मी काही महत्त्वाचं सांगत असताना तर हमखास टक्. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, चष्मा घेतला, चाकू घेतला आणि गेलं. त्या दिवशी हा माणूस दोन घास खाऊन ताटावरून उठला.

मग त्याने अगदी तसाच चाकू मागवला. आल्या आल्या उघडून कानाशी धरला. "तो टक् नाहीये गं," म्हणाला. म्हणून दुसरा मागवला. त्याचा टक् जवळपास होता, पण जरा जड. म्हणून तिसरा. बाराव्यानंतर मी विचारणं सोडून दिलं.

पुढे त्याला आपल्यासारखेच आणखी तेरा जण भेटले. त्यांचं एक मंडळ आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी ते एका दंतवैद्याच्या दवाखान्यात जमतात, कारण दंतवैद्य स्वतः त्यातलाच आणि रविवारी बाहेरच्या बाकांवर कळवळणारं कुणी नसतं. या मंडळाचा एक नियम आहे. नव्या सभासदाने आपला पहिला चाकू टेबलावर ठेवायचा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, "पहिला चाकू कुणी दिला?" नोकरी, गाव, मुलंबाळं, कुणी काही विचारत नाही.

आणि उत्तर ठरलेलं, आजोबांनी. त्या खोलीतल्या प्रत्येकाचे आजोबा महाशूर. कुणाचे डोंगरात वाट चुकून नऊ दिवस काढलेले, कुणाचे दरोडेखोरांशी लढलेले. दंतवैद्याच्या आजोबांनी तर म्हणे चाकूने स्वतःचीच दाढ काढली होती. आमच्या आजेसासऱ्यांनी जन्मभर सरकारी कचेरीत पाकिटं चिकटवली. चाकू लागलाच तर ते शेजारच्या टेबलावरून मागून घेत. तेव्हा नवऱ्याची पंचाईत झाली असणार, हे मला समजतं. त्याने पुढे जे केलं ते मात्र मला आजही समजत नाही.

माझी आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भाज्या चिरत होती. तिचा एक चाकू होता. पातं काळं, धार लावून लावून निम्मं झिजलेलं. मुठीला तडा गेला तेव्हा तिने इस्पितळातून चाकू आणि जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी घरी आणली. धाकट्या बहिणीने मूठ घट्ट धरली आणि मी पट्टी गुंडाळली. मी तेव्हा सातवीत होते. आई निवृत्त झाली तेव्हा तिला तो चाकू घरी नेऊ दिला, कारण तिथल्या दुसऱ्या कुणाच्या हातात तो सरळ चालत नव्हता.

आई गेली, त्याला सहा वर्षं झाली. साड्या, भांडी, कानातली, कशावरूनही आम्हा बहिणींत वाद झाला नाही. चाकू मात्र दोघींना हवा होता. मी मोठी, म्हणून मी घेतला. खरं सांगायचं तर मला त्याने चिरताच येत नव्हतं. चकती एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. मी चाकूला शिव्या घालायची आणि तरीही तो पहिल्या खणात सगळ्यात पुढे ठेवायची.

तर एकदा धाकटी दोन दिवस राहायला आली. दोन्ही दिवस भाजी तिनेच चिरली, त्याच चाकूने. बोलायची माझ्याकडे बघून आणि हात आपले चालूच. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी खणात चाकू नव्हता.

मी सगळं घर पालथं घातलं. कचऱ्याची पिशवी ओट्याखाली उपडी केली. मग फोन लावला.

"चाकू तू नेलास का?" मी विचारलं.

"नाही, ताई. पुसून खणात ठेवला होता मी."

"हे बघ, नेला असशील तर परत आणून ठेव. मी एका शब्दाने काही बोलणार नाही."

मग ती म्हणाली, "तू मला चोर म्हणतेस?"

"मी कुठे म्हटलं? पण तुला तो पहिल्यापासून हवा होता, हे तर खरं ना?"

तिने फोन ठेवला. त्यानंतर एकवीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी हट्टाने फोन केला नाही आणि रोज तिच्या फोनची वाट पाहिली. आई गेल्यावर माझं म्हणावं असं ती एकच माणूस होती. मी स्वयंपाकघरात रडायची आणि नवरा बाहेर बसून सव्वीस नंबरच्या चाकूला तेल लावायचा. "येईल गं तिचा फोन," इतकंच म्हणायचा.

मग मंडळाचा वार्षिक दिवस आला. सभासदांनी घरच्यांना आणायचं, चाकू मांडायचे, खाणंपिणं करायचं.

"तू कशाला येतेस? कंटाळशील," नवरा म्हणाला.

"येते."

"तिथे सगळे चाकूंवरच बोलतात."

"इथे काय वेगळं ऐकते मी?"

"अगं, पण खुर्च्या फार कडक आहेत तिथल्या."

एवढं अडवल्यावर मी न जाणं शक्यच नव्हतं. मी चांगली साडी नेसले.

दवाखान्यात काचेचं एक कपाट आहे. एरवी त्यात प्लास्टरचे जबडे असतात. त्या दिवशी जबड्यांच्या मध्ये मखमल अंथरून सभासदांचे पहिले चाकू मांडले होते. तिसऱ्या जबड्याशेजारी माझ्या आईचा चाकू होता. समोर नवऱ्याच्या हातचं कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, "शिकारी आजोबांचा चाकू. पट्टीखाली वाघाच्या दाताचा व्रण."

मी ते कार्ड दोनदा वाचलं.

तेवढ्यात मंडळातले सगळ्यात वयस्कर काका पुढे आले. त्यांना सगळे धारवाले काका म्हणतात. जन्मभर त्यांनी लोकांच्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावली. त्या खोलीत बोटांवर कापल्याच्या खुणा असलेला तो एकच माणूस होता. गुडघ्याच्या दुखण्यामुळे काका गेल्या दोन बैठकांना आले नव्हते, त्यामुळे हा वाघ ते पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी चाकू काढला, खिडकीशी नेला, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला. मग नवऱ्याला विचारलं, "का हो, वाघ कांदे खायचा का?"

नवरा हसला. हसू अर्ध्यात अडकलं.

"हा चाकू फळीवर चाललाय," काका म्हणाले. "रोज, वर्षानुवर्षं. आणि धार एकाच अंगाने लावलीय, डाव्या. असा मुद्दाम करून घ्यावा लागतो. डावखुऱ्या माणसाचा आहे. हा अंगठ्याचा खड्डा बघा केवढासा आहे. बाईचा हात."

"माझ्या आईचा," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. नवरा कार्डाकडे बघत राहिला.

"मी सांगणारच होतो गं," तो पुटपुटला. "एका बैठकीपुरता नेला होता. पण यांनी लगेच कपाटात ठेवला, कुलूप लावलं, आणि मग तू तिला फोन केलास, आणि मग..."

"आणि मग तू मूग गिळून बसलास! एकवीस दिवस माझी बहीण चोर होती आणि तुला त्या मेल्या वाघाची पडली होती!"

दंतवैद्याच्या बायकोने माझ्यासाठी पाणी आणलं. मी ते प्यायले नाही. काकांनी चाकू पुसून माझ्या हातात दिला आणि नवऱ्याकडे वळले.

"मग तुम्हाला पहिला कुणी दिला?"

नवरा खाली बघून म्हणाला, "कुणी नाही. एक गिऱ्हाईक विसरून गेलं होतं. परत घेऊन गेलं."

"हे आधी सांगायचं की," काका म्हणाले. "हातातून गेलेलाच शोधत बसलेत सगळे इथे." दंतवैद्य एकदम छताकडे बघायला लागला. त्याच्या आजोबांची दाढ बहुतेक त्या क्षणी जागेवर परत गेली.

मी चाकू पदरात गुंडाळला आणि निघाले. नवरा मागे आला तर त्याला म्हटलं, "घरी जा. टक् टक् करत बस."

धाकटीचं घर बसने पाऊण तासावर आहे. तिने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही, दारही लावलं नाही. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि चाकू ओट्यावर ठेवला.

"तुझ्या भाऊजींनी नेला होता, मंडळात मिरवायला. मी तुला चोर म्हटलं. फार वाईट वागले मी. माफ कर."

ती चाकूकडे बघत राहिली. मग तिने ओट्याखालचा खण पूर्ण बाहेर ओढला.

आत चाकू होते. मी मोजले, एकोणीस. सगळे काळ्या पात्याचे, लाकडी मुठीचे. आणि प्रत्येक मुठीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"आई गेल्यापासून घेतेय," ती म्हणाली. "दिसला की घेते. घरी आणून पट्टी लावते. एकही हातात बसत नाही, ताई."

"अगं, मग मागितला का नाहीस?"

"दिला असतास?"

मी खोटं बोलू शकले असते. "नसता दिला," मी म्हणाले.

तिने कांदा घेतला आणि आईचा चाकू डाव्या हातात धरला. धाकटी डावखुरी आहे, आईही होती. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि सहा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. चकत्या सरसर पडत गेल्या, सगळ्या एकसारख्या. तिचा अंगठा त्या खड्ड्यात बरोबर बसला होता. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कांद्यावर ढकलायचा खोटेपणा दोघींपैकी एकीनेही केला नाही.

निघताना ती चाकू माझ्या पिशवीत घालायला लागली. मी तिचा हात धरला. "तुझ्या हाताचा आहे तो. राहू दे," म्हटलं, आणि पटकन जिना उतरले, कारण आणखी दोन मिनिटं थांबले असते तर घेऊन आले असते.

त्याला महिना झाला. नवऱ्याने आपण होऊन बावीस नंबरचा चाकू स्वयंपाकघरात आणून ठेवला. उत्तम चालतो, चकत्या सरळ पडतात. बहिणीचा एक दिवसाआड फोन येतो. सगळं ठीक आहे. फक्त भाजी करताना मी अजून पहिला खण उघडते आणि काय शोधत होते ते आठवून बंद करते.

काल भांड्यांच्या दुकानात कढई घ्यायला गेले होते. कोपऱ्यातल्या खोक्यात काळ्या पात्याचा एक चाकू दिसला. हातात घेऊन बघितला. मूठ जरा जाड होती. "आणखी आहेत, दाखवू?" दुकानदाराने विचारलं. दाखवा, म्हटलं. सगळे बघितले आणि पहिलाच घेतला. कढई राहूनच गेली.

घरी येऊन मी औषधांच्या डब्यातून चिकटपट्टी काढली. एका हाताने जमेना. नवरा दारात उभा राहून बघत होता. जवळ येऊन त्याने मूठ घट्ट धरली आणि मी पट्टी गुंडाळायला घेतली.